बावखलाचे पाणी: ते जिवंत कसे राहते आणि का मरते?



बावखल म्हणजे काय, हे वसईच्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या वाडवडिलांनी वाडीत खणलेले हे गोड्या पाण्याचे तळे. त्याच्या काठावर रहाट फिरला, त्याच्या पाण्यावर केळी, पानवेली, भाजी आणि फुले पिकली. रहाट गेले आणि पंप आले. पुढे सूर्या, उसगाव आणि पेल्हार येथील पाणी नळाने घरात आले, तेव्हा बावखलाकडे पाहायचे आपण हळूहळू सोडून दिले. काही बावखले मातीने बुजली, काहींत कचरा पडला, काही आजही आहेत. पण त्यांचे पाणी हिरवेगार किंवा काळपट झाले आहे.

ह्या बावखलांविषयी लोक बहुधा तीन प्रश्न विचारतात. पहिला प्रश्न, मे महिन्यात पहाटे किंवा पहिल्या पावसानंतर मासे एकाएकी का मरतात? दुसरा, पाणी हिरवे का होते? आणि तिसरा, जवळच्या विहिरीचे पाणी मचूळ का लागू लागले? तिन्हींची उत्तरे पाण्याच्या गुणधर्मांत आहेत. ती समजायला शाळेत शिकलेले थोडे विज्ञान पुरते. ह्या अभ्यासपाठात आम्ही ते क्रमाक्रमाने मांडत आहोत. घरातल्या मुलांना सोबत घेऊन वाचावे, ही विनंती.

१. पाण्याचे कण एकमेकांना धरून असतात

पाण्याच्या एका रेणूत हायड्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक अणू असतो. हे तिघे सरळ रेषेत बसत नाहीत. रेणू मध्ये वाकलेला असतो. त्यामुळे ऑक्सिजनच्या बाजूला किंचित ऋण भार येतो आणि हायड्रोजनच्या बाजूला किंचित धन भार. एका रेणूची धन बाजू शेजारच्या रेणूची ऋण बाजू ओढते. असे पाण्याचे कण सतत एकमेकांचा हात धरतात, सोडतात आणि पुन्हा धरतात. पाण्याचे बहुतेक गुणधर्म ह्या एका गोष्टीतून निघतात.

पृष्ठभागावरच्या कणांना वरून ओढणारे कोणी नसते, म्हणून ते आजूबाजूच्या आणि खालच्या कणांना अधिक घट्ट धरतात. त्यामुळे पाण्यावर जणू एक पातळ ताणलेला पापुद्रा तयार होतो. ह्यालाच पृष्ठताण म्हणतात. लांब पायांचे पाणकिडे बावखलावर न बुडता धावतात ते ह्याच्या आधारावर. डासांच्या अळ्यासुद्धा ह्याच पापुद्र्याला लटकून श्वास घेतात. साबण हा पृष्ठताण कमी करतो. वाटीभर पाण्यावर सुई अलगद तरंगत ठेवा आणि काठाने साबणाच्या पाण्याचा एक थेंब सोडा; सुई तळाला जाईल. बावखलाच्या काठी कपडे धुतले की पाणकिड्यांचेही तेच होते.

दुसरा गुण म्हणजे विरघळवण्याचा. दोन्ही प्रकारचा भार जवळ असल्याने पाणी मीठ, साखर, चुना, खत, साबण अशा असंख्य वस्तू आपल्यात सामावून घेते. ह्या गुणामुळेच पाणी झाडांना अन्न पोचवते आणि आपल्या शरीरात रक्त होऊन वाहते. पण पाणी निवड करत नाही. आपण जे टाकू ते ते घेते. हवासुद्धा पाण्यात विरघळते, आणि बावखलाचे सारे जीवन ह्या विरघळलेल्या हवेवर चालते.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन आहे, म्हणून माशांना तो आपोआप मिळतो, असे अनेकांना वाटते. तसे नाही. रेणूत बांधलेला ऑक्सिजन माशाला काढून घेता येत नाही. हवेतून येऊन पाण्यात विरघळलेला प्राणवायू तेवढाच त्याच्या कल्ल्यांना घेता येतो.

२. पाणी हळू तापते आणि हळू निवते

एक लिटर पाणी एका अंश सेल्सिअसने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. तेवढ्याच वजनाच्या कोरड्या वाळूला साधारण तिचा पाचवा हिस्सा पुरतो. म्हणून दुपारी समुद्रकाठची वाळू पाय भाजते, पण पाणी सुखद लागते. पाण्याचे बाष्प होतानाही ते पुष्कळ उष्णता सोबत घेऊन जाते. माठातले पाणी त्यामुळेच गार होते. ज्या वाडीत बावखल आणि झाडे आहेत तिथे दुपारची हवा निवलेली लागते, त्याचेही हेच कारण. पाण्याच्या ह्या संथपणामुळे माशांना आणि बेडकांना दिवसरात्रीच्या तापमानाचे धक्के सोसावे लागत नाहीत.

बहुतेक पदार्थ थंड होताना आकसत जातात आणि जड होतात. पाणी मात्र ४ अंशापर्यंतच जड होत जाते. त्याखाली ते पुन्हा हलके होऊ लागते आणि बर्फ तर तरंगतोच. थंड देशांत तळ्याच्या वर बर्फाचे झाकण येते आणि खाली मासे हिवाळा काढतात, ते ह्यामुळे. बर्फ जर जड असता तर तळी तळापासून गोठत आली असती.

आपल्याकडे बर्फ पडत नाही, पण गरम पाणी हलके आणि थंड पाणी जड, हा नियम आपल्यालाही लागू आहे. एप्रिल आणि मे महिन्यांत बावखलाचा वरचा थर उन्हाने तापतो आणि खालच्या गार थरावर तसाच बसून राहतो. भोवती झाडी किंवा इमारती असल्या की वाराही पाणी ढवळत नाही. मग वरचा प्राणवायू खाली पोचत नाही. तळाशी कुजणारा पालापाचोळा आणि गाळ असतो. तो खालच्या थरातला होता नव्हता तो प्राणवायू संपवतो. तिथे कुजक्या अंड्यासारखा वास येणारा वायू तयार होतो. वरून पाहणाऱ्याला ह्यातले काहीच दिसत नाही.

३. पहाटे मासे तोंड वर का काढतात?

आता थोडे आकडे पाहू. एक लिटर हवेत साधारण २८० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. एक लिटर गोड्या पाण्यात २० अंश तापमानाला फार तर ९ मिलिग्रॅम विरघळतो. म्हणजे आपल्याला जेवढा प्राणवायू उपलब्ध आहे, त्याच्या सुमारे तिसाव्या हिश्शात माशाला संसार करावा लागतो. त्यात भर म्हणजे पाणी जेवढे गरम तेवढा त्यात प्राणवायू कमी मावतो. शून्य अंशाला १४.६ मिलिग्रॅम, २० अंशाला ९.१ आणि ३० अंशाला साधारण ७.५. उन्हाळ्यात माशाचे शरीर अधिक वेगाने चालते, त्याला प्राणवायू जास्त हवा असतो, आणि नेमका तेव्हाच पाण्यात तो कमी असतो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार मासे आणि इतर जलचर नीट जगण्यासाठी पाण्यात लिटरमागे निदान ४ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू असावा लागतो. आंघोळीच्या पाण्यासाठी ही मर्यादा ५ मिलिग्रॅम आहे. दोनच्या खाली गेले की बहुतेक माशांच्या जिवावर बेतते.

हा प्राणवायू दोन वाटांनी येतो. एक, पृष्ठभागावरच्या हवेतून. दोन, पाण्यातल्या वनस्पती आणि शेवाळ उन्हात अन्न तयार करताना तो सोडतात. पण सूर्य मावळला की दुसरी वाट बंद होते. रात्री वनस्पती, शेवाळ, मासे आणि जिवाणू सगळेच श्वास घेतात आणि देणारे कोणी उरत नाही. म्हणून चोवीस तासांत प्राणवायूचा साठा सर्वात कमी असतो तो पहाटे. शेवाळ जितके दाट तितकी ही घट मोठी. पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करताना दिसले, तर ते खेळत नसतात. त्यांचा श्वास कोंडलेला असतो. हवेला चिकटून असलेल्या पाण्याच्या पातळ थरात थोडा अधिक प्राणवायू असतो, तो ते ओढत असतात.

पहिल्या पावसात काय घडते, हेही आता लक्षात येईल. पावसाचे गार पाणी आणि वारा ह्यांनी वरचा थर निवतो आणि जड होऊन खाली जातो. तळाचे प्राणवायू संपलेले पाणी वर येते. आकाश ढगाळ असल्याने शेवाळाकडून प्राणवायू मिळत नाही. शिवाय ओहोळातून आलेली घाण कुजू लागते. एका रात्रीत सगळे मासे पांढरे पोट वर करून तरंगतात, आणि कोणीतरी विष टाकले असा संशय गावात पसरतो. कधी तसे घडतही असेल, पण पुष्कळदा कारण हे इतके साधे असते. शेजाऱ्यावर आळ घेण्यापूर्वी पाण्याकडे पाहावे.

आणखी एक खूण. मरळ आणि मागूर हे मासे गरज पडली की थेट हवेतून श्वास घेऊ शकतात. म्हणून बावखलात मरळ जिवंत आहे म्हणजे पाणी चांगले आहे, असे समजू नये. बाकीचे मासे गेले आणि एकटी मरळ उरली, तर ते पाणी आजारी आहे.

४. सांडपाणी किती पाणी मारते?

नाल्यातून आलेली घाण पाण्यात पडली की जिवाणू ती खाऊ लागतात. हे काम चांगलेच आहे. थोडी घाण पाणी अशा रीतीने स्वतःच पचवते. पण जिवाणूंनाही प्राणवायू लागतो. पाण्यातली घाण पचवायला जिवाणूंना किती प्राणवायू लागेल, हे प्रयोगशाळेत मोजतात. त्या मापाला जैविक ऑक्सिजन मागणी किंवा बीओडी म्हणतात. आपल्या देशात हे माप पाण्याचा नमुना २७ अंशाला तीन दिवस ठेवून काढतात. आंघोळीच्या पाण्याची ही मागणी लिटरमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये, असा निकष आहे.

घरातले प्रक्रिया न केलेले सांडपाणी घेतले तर हीच मागणी लिटरमागे दोनशे मिलिग्रॅमच्या घरात असते. आता गणित करा. ३० अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू आहे. म्हणजे एक लिटर सांडपाणी पचवायला सुमारे २७ लिटर चांगल्या पाण्यातला सगळा प्राणवायू खर्च होतो. एका बादलीने काय फरक पडतो, असे म्हणणाऱ्याला हा हिशेब दाखवावा. वाहती नदी खळखळाट करत हवेतून पुन्हा प्राणवायू मिळवते. बावखलाचे पाणी स्थिर असते, त्याला ती सोय नाही.

५. पाणी हिरवे का होते?

झाडाला खत घातले की झाड वाढते. पाण्याला खत मिळाले की शेवाळ वाढते. हे खत येते कुठून? कपडे धुण्याच्या काही पावडरींतून, संडासाच्या टाकीतून झिरपणाऱ्या पाण्यातून, गोठ्यातून आणि वाडीत जास्त पडलेल्या रासायनिक खतातून. त्यात नायट्रोजन असतो आणि फॉस्फरसही.

ह्यांतला मुख्य गुन्हेगार कोण, ह्यावर शास्त्रज्ञांत एकेकाळी मोठा वाद होता. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात संशोधनासाठी राखून ठेवलेली अनेक तळी आहेत. डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली तिथल्या २२६ क्रमांकाच्या तळ्याच्या मधोमध एक मोठा पडदा लावून त्याचे दोन भाग केले. एका भागात त्यांनी कार्बन आणि नायट्रोजन घातला. दुसऱ्या भागात कार्बन, नायट्रोजन आणि सोबत फॉस्फरसही घातला. फॉस्फरस घातलेला भाग शेवाळाने हिरवा झाला, दुसरा भाग स्वच्छ राहिला. विमानातून काढलेला त्या दुरंगी तळ्याचा फोटो जगभर गाजला, आणि धुण्याच्या पावडरींतला फॉस्फेट कमी करण्याच्या मागणीला त्यामुळे मोठे बळ मिळाले.

शेवाळ दाट झाले की दिवसा ते पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, आणि पाण्याचा पीएच चढतो. सात हा पीएच म्हणजे आम्ल नाही आणि अल्कलीही नाही. चांगल्या पाण्याचा पीएच साधारण साडेसहा ते साडेआठ ह्यांच्या दरम्यान असतो. तो नऊच्या वर गेला, तर घाणीतून आलेला अमोनिया माशांना अधिक विषारी होतो. म्हणजे हिरव्या पाण्यातला मासा दुपारी अमोनियाने त्रासतो आणि पहाटे श्वास कोंडून.

जलपर्णीचेही असेच. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती अनुकूल पाण्यात साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. तिने पाणी झाकले की ऊन आत जात नाही आणि हवाही नीट मिसळत नाही. तिच्यावर औषध फवारून ती जागीच मारली, तर तो सारा हिरवा ढीग तळाशी जाऊन कुजतो आणि उरलासुरला प्राणवायू संपवतो. म्हणून जलपर्णी हाताने ओढून बाहेर काढावी, काठापासून दूर न्यावी आणि तिचे खत करावे. काठावरच टाकली तर पहिल्या पावसात तिच्यातले खत पुन्हा बावखलात उतरते.

६. एका धर्मगुरूची पांढरी थाळी

पाणी किती स्वच्छ आहे, हे मोजण्याचे जगातले सर्वात सोपे साधन एका कॅथलिक धर्मगुरूच्या नावाने ओळखले जाते, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. फा. अँजेलो सेक्की (१८१८ ते १८७८) हे येशूसंघीय धर्मगुरू रोम येथील वेधशाळेचे प्रमुख होते. ताऱ्यांच्या प्रकाशाचे पृथक्करण करून ताऱ्यांची वर्गवारी करणाऱ्या पहिल्या शास्त्रज्ञांत त्यांची गणना होते. पोपमहाशयांच्या आरमाराचे अधिकारी चिआल्दी ह्यांना समुद्राच्या पाण्याची पारदर्शकता मोजायची होती. त्यांनी फा. सेक्कींना बोलावले. २० एप्रिल १८६५ रोजी अमलोद्भव मातेचे नाव धारण केलेल्या जहाजावरून भूमध्य समुद्रात पांढऱ्या तबकड्या दोरीने सोडण्यात आल्या, आणि किती खोलीवर त्या दिसेनाशा होतात ह्याची नोंद झाली. आजही जगभरचे तलाव आणि समुद्र मोजणारे शास्त्रज्ञ ही 'सेक्की तबकडी' वापरतात.

ती आपल्याला घरी करता येते. साधारण २० सेंटिमीटर व्यासाची स्टीलची जुनी थाळी घ्या. तिचे चार समान भाग पाडून ते आळीपाळीने काळे आणि पांढरे रंगवा. मधोमध भोक पाडून दोरी ओवा आणि खाली वजन बांधा. दोरीला दर १० सेंटिमीटरवर गाठ मारा. भर दुपारी, पाण्यावर चमक नसलेल्या सावलीच्या बाजूने थाळी सावकाश खाली सोडा. ती दिसेनाशी झाली की खोली मोजा. मग वर ओढताना पुन्हा दिसू लागली की मोजा. दोन्हींची सरासरी म्हणजे त्या दिवसाचे माप.

थाळी अर्ध्या मीटरच्या आत नाहीशी झाली, तर पाण्यात शेवाळ फार झाले आहे किंवा गाळ ढवळला आहे. पावसाळ्यात मातीमुळे हे माप कमी येते, म्हणून एका दिवसाच्या मापावरून निष्कर्ष काढू नये. दर आठवड्याला त्याच ठिकाणी, त्याच वेळी मोजावे आणि लिहून ठेवावे. लहान मुलांनी मोठ्या माणसाशिवाय बावखलाच्या काठी जाऊ नये, हे मात्र घरोघरी बजावून सांगा.

एक सावधगिरी. थाळी खोलवर दिसली म्हणजे पाणी पिण्यालायक झाले, असे नाही. रोगजंतू डोळ्यांना दिसत नाहीत. काचेसारखे स्वच्छ पाणीही प्रयोगशाळेतून तपासून घ्यावे, आणि तोवर उकळून प्यावे.

७. विहिरीचे पाणी मचूळ का होते?

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यामुळे ते गोड्या पाण्यापेक्षा जड असते: गोडे पाणी १०००, तर समुद्राचे १०२५, असे हे प्रमाण. किनाऱ्यावरच्या जमिनीखाली म्हणूनच गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. किती खोलवर? नेदरलँड्समधील बेडन घायबेन आणि जर्मनीतील हर्त्झबर्ग ह्यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, ह्याचे गणित मांडले. दोन्ही पाण्यांच्या जडपणातला फरक २५ आहे. हजाराला पंचविसाने भागले की ४० येतात. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल, तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडे पाणी टिकते.

हा हिशेब उलट वाचला की काळजी वाटते. विहिरी आणि बोअरवेल उपसून वरची पातळी एक मीटरने उतरली, तर खालचे खारे पाणी काळाच्या ओघात ४० मीटर वर चढू शकते. प्रत्यक्षात जमिनीचे थर वेगवेगळे असतात, म्हणून आकडा जागोजागी बदलतो. पण दिशा तीच राहते. आणि फार खारे पाणी मिसळावे लागते असेही नाही. शंभर लिटर गोड्या पाण्यात दीड लिटर समुद्राचे पाणी मिसळले, की पिण्याच्या पाण्यासाठी ठरवलेली क्लोराइडची लिटरमागे २५० मिलिग्रॅमची इष्ट मर्यादा ओलांडली जाते. एकदा खारे झालेले भूजल पुन्हा गोडे व्हायला अनेक पावसाळे लागतात.

बावखलाचे महत्त्व इथे आहे. एक गुंठ्याचे बावखल धरा. वर्षाला दोन मीटर पाऊस झाला, तर नुसत्या त्या एका गुंठ्यावर सुमारे दोन लाख लिटर पाणी पडते. भोवतालच्या वाडीतून वाहून येणारे वेगळेच. ते पाणी बावखलात थांबते, हळूहळू मुरते आणि गोड्या पाण्याची पातळी वर राखते. तेच बावखल बुजवून वर फरशी घातली, तर सारे पाणी गटारातून खाडीला जाते. मग पावसाळ्यात अंगणात पाणी तुंबते आणि एप्रिलमध्ये विहीर मचूळ होते. दोन्ही तक्रारींचे मूळ बऱ्याचदा एकच असते.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईत हरित वसईचा लढा उभा राहिला, तेव्हा विहिरींतून टँकर भरभरून होणाऱ्या उपशाचा प्रश्न त्याच्या केंद्रस्थानी होता. २०२४ साली देवाघरी गेलेले फा. फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनी त्या लढ्याचे नेतृत्व केले. त्या काळी रस्त्यावर उतरलेली माणसे आजही आपल्यात आहेत. त्यांच्याकडून मुलांनी तो इतिहास ऐकावा. २०१५ साली पोप फ्रान्सिस ह्यांनी 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकात सुरक्षित पिण्याचे पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क असल्याचे स्पष्ट केले. विहीर मचूळ झाली की पैसेवाल्याला टँकर मागवता येतो; भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला आणि वाडीत मजुरीला येणाऱ्याला ते जमत नाही, हे आपण ध्यानात ठेवावे.

८. "डास होतात, म्हणून बुजवा"

बावखल बुजवताना हे कारण हमखास पुढे येते. त्यात थोडे तथ्य आहे, पण अर्धेच. घाण साचलेल्या, मासे मेलेल्या पाण्यात डास होतातच. ज्या बावखलात मासे, बेडूक आणि चतुरांच्या अळ्या आहेत तिथे डासांच्या अळ्या खाल्ल्या जातात. डेंग्यूचा डास तर घराजवळच्या साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो: टायर, कुंड्यांच्या बश्या, उघडी पिंपे, गच्चीवरच्या टाक्या. बावखल बुजवून तो जात नाही. बावखल निरोगी ठेवणे आणि घरातली पिंपे झाकणे, असा दुहेरी उपाय करावा लागतो.

९. आपण काय करू शकतो?

(१) सांडपाण्याचा पाइप बावखलात सोडू नये. सोडला असेल तर तो वळवावा. आंघोळीचे आणि भांडी धुतलेले पाणी केळी, कर्दळ आणि अळूच्या वाफ्यात मुरवावे.

(२) संडासाची टाकी फुटलेली नाही ना, हे पाहावे आणि ती वेळेवर उपसून घ्यावी. नवी टाकी बांधताना विहीर आणि बावखल ह्यांपासून ती शक्य तितकी दूर घ्यावी.

(३) गाळ उन्हाळ्यात काढावा, पण सगळा एकदम काढू नये. एक भाग ह्या वर्षी, दुसरा पुढच्या वर्षी. म्हणजे मासे आणि बेडूक ह्यांना आसरा राहतो. हा गाळ वाडीला उत्तम खत आहे. त्यात प्लास्टिक आणि काचा असतील तर त्या आधी वेचून काढाव्यात.

(४) तळ आणि बाजू सिमेंटने बांधून काढू नयेत. पाणी मुरण्याची वाटच त्यामुळे बंद होते. काठावरची झुडपे आणि गवतही थोडे राहू द्यावे. ते माती धरून ठेवतात.

(५) सणाचे हार, थर्माकोल आणि प्लास्टिकची सजावट पाण्यात टाकू नये. घरच्या काचपेटीतले विदेशी मासे बावखलात सोडू नयेत. विदेशी मांगूर तर मुळीच नको. त्याच्या पालनावर आपल्या देशात बंदी आहे, कारण तो इथले मासे खाऊन संपवतो.

(६) छपराचे पाणी गाळून विहिरीत किंवा शोषखड्ड्यात सोडावे.

(७) मे महिन्यात मासे पहाटे वर येऊ लागले, तर त्या दिवसांत पाण्यात काहीही टाकू नये. पंपाने पाणी उचलून कारंज्यासारखे पुन्हा बावखलातच पाडावे. थेंब हवेतून जाताना प्राणवायू घेतात. हे काम रात्री उशिरापासून पहाटेपर्यंत केले तर जास्त उपयोगी पडते.

(८) प्रत्येक बावखलासाठी एक वही ठेवावी. तीत दर आठवड्याला थाळीचे माप, काठापासून पाण्याची पातळी, पाण्याचा रंग व वास, आणि पहाटे मासे कसे वागतात हे लिहावे. विहिरीचे पाणी वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, तपासून घ्यावे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत अशी तपासणी होते. दोनतीन वर्षांच्या नोंदी हाती असल्या, की कोणाशी बोलताना तक्रारीला पुरावा मिळतो.

घरी चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरापासून सर्वात जवळचे बावखल कोणते? आजीआजोबांच्या लहानपणी त्याचे पाणी कशासाठी वापरत होते?

२. एक बादली, म्हणजे १५ लिटर, सांडपाणी पचवायला किती लिटर चांगल्या पाण्यातला प्राणवायू लागेल? वरच्या हिशेबाने काढा.

३. पाण्यातल्या वनस्पती प्राणवायू देतात, तरीही शेवाळाने भरलेल्या बावखलात मासे का गुदमरतात?

४. आपल्या घरातले सांडपाणी नेमके कुठे जाते? अंदाज न बांधता पाइपाच्या मागे जाऊन पाहा.

५. आपल्या आळीत गेल्या तीस वर्षांत किती बावखले बुजली आणि किती उरली? नकाशा काढून त्यावर खुणा करा.

पाचव्या प्रश्नाचे नकाशे मुलांनी धर्मशिक्षणाच्या वर्गात आणून द्यावेत. सगळ्या आळ्यांचे नकाशे एकत्र जोडले, की आपल्या धर्मग्रामातील उरलेल्या बावखलांची यादी तयार होईल. ती यादी पावसाळ्यापूर्वी हाती आली, तर गाळ कोणत्या बावखलातून आधी काढायचा हे ठरवता येईल.